कुठला डबा कोणाशी बोलणार : ओझरच्या कारखान्याचा तारांकडून पाहिलेला इतिहास

स्मरणिकेसाठी कारखान्याचा इतिहास लिहा, असं संपादक मंडळाने सांगितलं तेव्हा मी दोनदा टाळलं. कोनशिला कोणाच्या हस्ते बसली, कोणता हँगर कधी उभा राहिला, कोण महाव्यवस्थापक कुठल्या साली आले, हे माझ्यापेक्षा नीट सांगणारी मंडळी टाउनशिपमध्ये अजून आहेत. मला आयुष्यभरात एकच गोष्ट बरी कळली, ती म्हणजे विमानाच्या पोटातल्या तारा. तेव्हा हा इतिहास तारांच्या बाजूने लिहिला आहे. पंख, इंजिन, रिव्हेट यांच्यावर त्यात अन्याय झाला तर दोष लेखकाचा समजावा. आणि त्याची सुरुवात ओझरला होत नाही, भद्रावतीला होते.

माझे बाबा भद्रावतीच्या आयुध निर्माणीत होते. चीनबरोबरच्या १९६२ च्या युद्धानंतर देशात संरक्षण कारखान्यांची जी लाट आली, तिच्यातला हा कारखाना. सीमेपासून लांब, जंगलाच्या आडोशाला, आणि दिल्ली-मद्रास लोहमार्गावरचं भांदक स्टेशन हाताशी. दारूगोळ्याच्या कारखान्याला आणखी काय हवं? त्याआधी गावाची ओळख होती ती विजासनच्या लेण्यांची, भद्रनागाच्या देवळाची, जैनांच्या पार्श्वनाथाची आणि ग्रामोदय संघाच्या मातीकामाची. कारखान्याचं नाव मात्र ‘चांदा’ पडलं, कारण जिल्ह्याचंच जुनं नाव ते. पुढे जिल्ह्याचं चंद्रपूर झालं, १९८२ साली त्यातून गडचिरोली वेगळा निघाला, २०२१ साली निर्माणी ‘म्युनिशन्स इंडिया’ या कंपनीखाली गेली. नावातला चांदा काही मावळला नाही.

ही ‘फिलिंग’ची निर्माणी. म्हणजे गोळ्याच्या पोकळ कवचात स्फोटक भरायचं. बाबा सांगत, आत जाताना बिडी-काडी फाटकावर जमा करायची, खिळ्यांचे जोडे बाहेर ठेवायचे, आणि जिथे दारू आहे त्या इमारतीच्या दारात धातूची एक पट्टी असायची, जमिनीत गाडलेल्या तारेला जोडलेली. तिला तळहात टेकल्याशिवाय आत पाऊल टाकायचं नाही. आमच्याकडचा उन्हाळा कोरडा ठणठणीत. कपडा अंगावर घासला तरी चर्रकन ठिणगी उडते. एवढीशी ठिणगी घरात कोणी मोजत नाही, पण दारूच्या खोलीत तीच पुरते. “अंगातली ईज आंधी उतरवाची, मंग आत,” हे त्यांचं वाक्य आम्ही पोरं नकला करून म्हणत असू.

मी १९८५ च्या सुमारास ओझरला लागलो. काही वर्षांनी नव्या पद्धतीची सर्किटं हातात येऊ लागली, तेव्हा एके दिवशी सुपरवायझरने माझ्या मनगटाला एक पट्टा बांधला आणि त्याची गुंडाळीदार तार टेबलाच्या अर्थिंगला लावली. म्हणाला, माणसाला झटका जाणवायला साधारण तीन हजार व्होल्ट लागतात; यातल्या काही चिपा शंभराच्या आतच मरतात, आणि मेल्या तरी बाहेरून कळत नाही. मी घरी पत्र लिहिलं : बाबा, तुमची पट्टी इथे मनगटावर बांधतात. त्यांचं उलट पत्र आलं, त्यात पट्टीबद्दल काहीच नव्हतं. नाशिकचे कांदे काय भावाने आहेत तेवढं विचारलं होतं.

आता ओझर. भारताने मिग-२१ घ्यायचं ठरवलं ते १९६२ सालीच. पहिली विमानं १९६३ मध्ये चंदीगडला हवाई दलाच्या २८ व्या स्क्वॉड्रनकडे आली. ती देशात बांधण्यासाठी ऑगस्ट १९६३ मध्ये एरोनॉटिक्स इंडिया लिमिटेड ही कंपनी निघाली आणि काम तीन गावांत वाटलं गेलं : सांगाडा ओझरला, इंजिन ओरिसातल्या कोरापुटला, इलेक्ट्रॉनिक्स हैदराबादला. १ ऑक्टोबर १९६४ रोजी ही कंपनी आणि बंगळूरची हिंदुस्तान एअरक्राफ्ट एकत्र होऊन हिंदुस्तान एरोनॉटिक्स म्हणजे आपली एच.ए.एल. झाली. तेव्हा संरक्षणमंत्री यशवंतराव चव्हाण. १९६३ च्या पोटनिवडणुकीत नाशिकने त्यांना बिनविरोध लोकसभेवर पाठवलं होतं, आणि पारावरच्या गप्पांत कारखाना म्हणजे त्या बिनविरोध निवडणुकीची पोच. बाणगंगेच्या काठचं हे गाव तेव्हापासून ‘ओझर मिग’ झालं. विमान जाईल, नाव राहील, अशी गंमत पुढे होणार होती हे तेव्हा कोणाच्या डोक्यात असणार!

त्या तीन गावांच्या वाटणीत पुढच्या चाळीस वर्षांची गोष्ट दडलेली आहे. वरवर पाहता हैदराबादला मेंदू आणि ओझरला हाडं अशी वाटणी दिसते. प्रत्यक्षात हैदराबादला डबे बनत. (आमच्या धंद्यात विमानातल्या प्रत्येक इलेक्ट्रॉनिक उपकरणाला डबाच म्हणतात. अपघातानंतर शोधतात तो ‘ब्लॅक बॉक्स’ हा त्यातला एक, आणि तो नारिंगी असतो.) पण कोणता डबा कुठे बसणार, त्याला वीज कुठून मिळणार, तो कोणाशी बोलणार आणि वैमानिकाला त्यातलं काय दिसणार, हे सगळं मॉस्कोत ठरून आलेलं होतं. लग्नघरात राबणारे हात पन्नास असतात. पण कोणाला कुठे बसवायचं, कोणाच्या शेजारी कोण नको, कोणाचं जेवण आधी आणि कोणाचं मागून, हे ठरवणारा काका एकच असतो. आमच्या मांडवात तो काका रशियन होता.

आणि तो चोख होता, हेही लिहायला हवं. नकाशे रशियन भाषेत, मापं रशियन, परिशिष्टांना परिशिष्टं. जुने लोक ‘स्खेमा’, ‘प्लुस’, ‘मिनुस’ असे शब्द नाशिकच्या हेलात म्हणत. सुट्या भागांचे संच आणून जोडणीला सुरुवात झाली १९६६ मध्ये, आणि १९७० मध्ये कच्च्या मालापासून इथेच बनलेलं मिग हवाई दलाच्या हाती पडलं. सात वर्षांपूर्वी जिथे माळ होता तिथून हे घडलं. पत्रा कापायला, वाकवायला, जोडायला आमची माणसं फार लवकर शिकली.

ते पहिलं मिग म्हणजे मिग-२१ एफ.एल., आमच्या बोलीत टाइप ७७. त्याच्यातलं इलेक्ट्रॉनिक्स आजच्या पोराला दाखवलं तर तो हसेल. नाकाच्या शंकूत एक छोटं रडार, एक रेडिओ, होकायंत्र, आणि समोर गोल घड्याळांची भिंत. प्रत्येक घड्याळाची स्वतःची तार, स्वतःचा संवेदक. कोणी कोणाशी बोलत नाही. सगळ्यांचं ऐकून मनातल्या मनात बेरीज करायची ती वैमानिकाने, तीही आवाजाच्या दुप्पट वेगाने जाताना. १४ डिसेंबर १९७१ रोजी याच जातीच्या विमानांनी ढाक्यात गव्हर्नरच्या निवासावर अग्निबाण टाकले. २८ व्या स्क्वॉड्रनचे प्रमुख विंग कमांडर बिश्नोई यांच्या हाती दिला होता तो पर्यटकांसाठी छापलेला ढाका शहराचा नकाशा. विमानाला आपण कुठे आहोत हे माहीतच नव्हतं, आणि ते त्याने सांगावं अशी अपेक्षाही कोणाची नव्हती. इमारत सापडली, कारण माणसाने खिडकीतून पाहिलं.

त्यानंतर टाइप ९६, मग टाइप ७५ म्हणजे मिग-२१ बिस, मग १९८० च्या दशकाच्या मध्यावर मिग-२७, ज्याचं इथलं नाव ‘बहादूर’. मिग-२७ ओझरला १६५ झाली. या काळाबद्दल मला फार लिहायचं नाही. काम भरपूर होतं, ओव्हरटाइम मिळे, टाउनशिपचा गणेशोत्सव दणक्यात होई. पण तारांच्या हिशेबाने या वीस वर्षांत आम्ही नवं काही ठरवलं नाही. ठरवलेलं अधिकाधिक बिनचूक केलं.

बिनचूक म्हणजे काय ते एकदा जवळून दाखवायला हवं. विमानात तार अशी एकटी ओढत नाहीत. आधी बाहेर, लांबलचक लाकडी फळीवर तिची जुडी बांधतात. तिला आम्ही लूम म्हणतो, कागदोपत्री हार्नेस. फळीवर नकाशा चिकटवलेला, जिथे वळण आहे तिथे खुंट्या. एकेक तार खुंट्यांच्या कडेकडेने टाकायची, तिच्या दोन्ही टोकांना क्रमांकाचं नळकांडं चढवायचं, आणि मेणाच्या दोऱ्याने ठराविक अंतरावर गाठ मारायची. गाठ सैल राहिली तर तारा थरथरून एकमेकींना घासतात. करकचून आवळली तर आवरण चेपतं. बोटांना ते कळतं, सांगता येत नाही. मग टोकाला पिन क्रिंप करायची. पिनच्या बुंध्याला बारीक भोक असतं. त्यातून तांब्याचे केस दिसले तर तार पुरती आत गेली. न दिसल्यास कापून पुन्हा. शेवटी दोघे जण दोन टोकांना बसतात. एक म्हणतो, “सदतीस.” दुसरा पिन सदतीसला टोक लावतो, बझर वाजतो. मग अडतीस. आणि सदतीसला लावल्यावर अडतीसला वाजत नाही ना, तेही बघायचं. असं शेकडो वेळा. दुपारच्या जेवणानंतर हे काम कोणाला द्यायचं नाही, हा आमचा अलिखित नियम.

आराखडा करणाऱ्या काकाची खुर्ची आपल्याकडे पहिल्यांदा सरकली ती ओझरला नाही, बंगळूरला. ब्रिटनकडून घेतलेली जॅग्वार विमानं १९७९ मध्ये आली. त्यांच्यातली दिशादर्शनाची आणि मारा करण्याची मूळ यंत्रणा हवाई दलाला पसंत पडेना. तेव्हा दलाच्याच माणसांनी एच.ए.एल. आणि संरक्षण संशोधकांना बरोबर घेऊन ‘दारिन’ नावाची यंत्रणा जुळवली : दिशादर्शक फ्रेंच, काही पडदे ब्रिटिश, आणि त्यांना एकत्र नांदवण्याचा आराखडा इथला. त्यात त्यांनी एक नवी चीज आणली. तिचं नाव एखाद्या सरकारी फायलीसारखं आहे, मिल-स्टँडर्ड १५५३ बी.

हे १५५३ म्हणजे दोन पिळलेल्या तारांची एक जोडी, वर जाळीचं आवरण. तिच्यावरून सेकंदाला दहा लाख बिट जातात. आजच्या मोबाइलपुढे हे काहीच नाही. पण तिची शिस्त बघा. एका जोडीवर जास्तीत जास्त एकतीस डबे बसतात, आणि त्यांतला कोणीही आपणहून तोंड उघडत नाही. मधला एक नियंत्रक प्रत्येकाला नाव घेऊन विचारतो, उंची? वेग? दिशा? आणि ज्याला विचारलं तोच, ठरलेल्या वेळात, ठरलेल्या लांबीचं उत्तर देतो. सोबत तशीच दुसरी जोडी विमानाच्या वेगळ्या बाजूने नेलेली असते. एक जोडी गोळी लागून तुटली तर दुसरी बोलते. आमच्या ग्रामपंचायतीत ही पद्धत आणावी असं मला नेहमी वाटत आलं आहे.

घड्याळांच्या भिंतीतून या जोडीवर येणं हा तारांच्या इतिहासातला खरा सांधा. आता लोखंडकामाइतकंच मोलाचं झालं एक जाडजूड बाड, ज्यात लिहिलेलं असतं की कुठला डबा, कोणाशी, सेकंदातून किती वेळा, कोणत्या एककात बोलेल. एक डबा मीटरमध्ये उंची सांगतो, दुसरा फुटांत ऐकतो, असं झालं तर जमिनीवरच्या चाचणी-रिगवर हसू येतं आणि हवेत जीव जातो. ते बाड लिहितो तो काका.

ते बाड ओझरच्या माणसांनी पहिल्यांदा हाताळलं बायसनच्या वेळी. भारताने १२५ मिग-२१ बिस नव्याने सजवायची ठरवली, त्यांचंच नाव बायसन. करार १९९६ चा. पहिली दोन विमानं रशियात निझ्नी नोव्हगोरोदला झाली, १९९८ मध्ये त्यांतलं पहिलं उडालं, आणि बाकीची सगळी ओझरला. म्हणजे आमच्याच हातून सासरी गेलेल्या लेकी पंधरा-वीस वर्षांनी माहेरपणाला आल्या. पॅनल उघडलं की आत आपल्याच गाठी. एका जुन्या सहकाऱ्याने तर दोऱ्याची गाठ बघून ती कोणी बांधली ते सांगितलं होतं. गाठीला अक्षरासारखं वळण असतं.

जुन्या विमानात नवा मेंदू बसवणं हे नवं विमान करण्यापेक्षा अवघड, असं माझं मत आहे. वाड्यात लिफ्ट बसवण्यासारखं ते. मिग-२१ चं रडार नाकातल्या शंकूत, आणि शंकूच्या भोवतीने इंजिनाला हवा जाते. रडार मोठं करायचं म्हटलं तर इंजिनाचा घास कमी होतो. तेव्हा रशियाने त्या शंकूत मावेल एवढंच, पण डिजिटल रडार दिलं. त्याचं नाव ‘कोप्यो’, म्हणजे भाला. दिशादर्शन फ्रेंच. शत्रूच्या रडारची चाहूल लागली की वैमानिकाला सावध करणारा डबा भारतीय, नाव ‘तरंग’. वैमानिकाच्या हेल्मेटवर नेम धरायचं यंत्र. तो मान वळवील तिकडे क्षेपणास्त्राची नजर वळते. आणि नजरेपलीकडच्या विमानावर मारा करणारं क्षेपणास्त्र, जे या विमानाच्या मूळ आराखड्यात कोणी कल्पिलंही नव्हतं.

आता यातला प्रत्येक डबा चार गोष्टी मागतो : जागा, वीज, गारवा आणि शांतता. जागा मोजून असते, आणि जुना जड डबा काढून हलका बसवला तरी सुटका नाही. वजन कमी झालं म्हणून विमानाचा तोल सरकतो, आणि तो परत जागेवर आणायला कधीकधी चक्क शिशाचं वजन बांधावं लागतं. वीज घरच्यासारखी पन्नास हर्ट्झची चालत नाही. विमानात ती चारशे हर्ट्झची असते, कारण त्या वारंवारतेला ट्रान्सफॉर्मर लहान आणि हलके होतात. बरोबर अठ्ठावीस व्होल्टची डी.सी. लाइन. गारवा नाही मिळाला तर उत्तम डबाही तासाभरात भ्रमिष्ट होतो. आणि शांतता म्हणजे शेजाऱ्याच्या लहरींपासून मुक्ती. एकाच सांगाड्यावर रडार ओरडतं, रेडिओ बोलतो, आणि त्याच वेळी ‘तरंग’ने कान टवकारून दूरच्या शत्रूची कुजबुज ऐकायची. आपल्याच रडारला शत्रू समजून त्याने बोंब ठोकली तर? म्हणून कोणाचा अँटेना कुठे, कोण बोलत असताना कोणी गप्प बसायचं, हे सगळं लिहून ठरवावं लागतं. कोणाच्या शेजारी कोण नको, ते हेच.

ओझरला याच कामासाठी स्वतंत्र संरचना केंद्र आहे, विमानांच्या सुधारणांचं. पुढे तेजसचे सूत्रधार म्हणून नाव मिळवलेले कोटा हरिनारायण हेही त्याआधी नाशिकला मुख्य संरचनाकार होते. बायसनचा मूळ आराखडा रशियनांचाच. पण शंभरावर विमानं उघडून, प्रत्येकाची जराशी वेगळी ठेवण सांभाळत ती पुरी करताना आमच्या लोकांना ‘का’ विचारायची सवय लागली. हा डबा इथेच का? ही जोडी या बाजूने का? बनवणाऱ्याला ‘कसं’ पुरतं, आराखडा करणाऱ्याला ‘का’ लागतं. फेब्रुवारी २००४ मध्ये ग्वाल्हेरला अमेरिकन हवाई दलाबरोबर सराव झाला, त्यात एफ-१५ च्या वैमानिकांनी या म्हाताऱ्या मिगची तारीफ केली. कँटीनमध्ये त्या आठवड्यात आम्ही जरा जास्तच मोठ्याने बोलत होतो.

त्याच २००४ मध्ये सुधारित मिग-२७ उडालं. आकडा लहान, विमानं चाळीसच, म्हणून त्याचं कौतुक कमी झालं. माझ्या मते कारखान्याच्या इतिहासातलं हे सर्वांत दुर्लक्षित पान आहे. कारण इथे मिशन कॉम्प्युटर आपला, पडद्यांवर काय दिसावं ते आपण ठरवलेलं, आणि आराखड्यावर सही बंगळूरच्या ‘डेअर’ या संरक्षण प्रयोगशाळेची आणि एच.ए.एल.ची. मांडवातली खुर्ची इथे आपल्याला मिळाली. ही विमानं डिसेंबर २०१९ मध्ये जोधपूरला निवृत्त झाली.

सुखोईची गोष्ट सर्वांना ठाऊक आहे म्हणून आटोपती घेतो. करार ३० नोव्हेंबर १९९६ चा. साधी सुखोई-३० पुण्याला लोहगावात १९९७ मध्ये आली, आणि आपल्या मागणीप्रमाणे घडवलेली एम.के.आय. त्याच तळावर सप्टेंबर २००२ मध्ये दाखल झाली. रशियन नावातला शेवटचा ‘आय’ म्हणजे ‘इंदिस्की’, भारतीय. तो ‘आय’ बहुतांशी तारांमध्ये आहे. सांगाडा, इंजिन, रडार रशियन; पडदे आणि दिशादर्शन फ्रेंच; काही यंत्रणा इस्रायली; मिशन कॉम्प्युटर, रडारचे संगणक, ‘तरंग’ची पुढची आवृत्ती, रेडिओ हे भारतीय. चार देशांच्या डब्यांना एका पंगतीला बसवलं रशियाच्या रामेन्स्कोये इथल्या संस्थेने, पण पंगतीतली निम्मी भाषा आता आपली होती. डिसेंबर २००० च्या परवान्यावर ओझरला सुखोई बांधायला सुरुवात झाली. एकूण २२२ इथून बाहेर पडली.

कौतुकाच्या ओघात एक गोष्ट झाकून ठेवणं बरं नाही. २०१४ साली वर्तमानपत्रांत छापून आलं की सुखोईचा मिशन कॉम्प्युटर वारंवार बंद पडतो आहे आणि उडताना पडदे काळे होत आहेत, आणि एच.ए.एल.ने रशियनांना त्याबद्दल लिहिलं आहे. घड्याळांच्या भिंतीत एक घड्याळ बंद पडलं तर बाकीची चालत. पडद्यांच्या विमानात पडदा गेला की सगळंच जातं. आराखडा करणाऱ्याच्या खुर्चीबरोबर ही जबाबदारीही येते. त्यामुळेच आता प्रत्येक महत्त्वाच्या डब्याला जोडीदार ठेवतात, आणि संगणक गेलाच तर वैमानिकाला घरी आणतील अशी दोन-तीन साधी उपकरणं कोपऱ्यात वेगळ्या विजेवर ठेवतात. टाइप ७७ मधलं ते गोल घड्याळ पुरतं निवृत्त झालेलं नाही.

ब्राह्मोसचं काम याच्या पुढचं. अडीच टनांचं क्षेपणास्त्र सुखोईच्या पोटाखाली टांगायचं, म्हणजे पोट मजबूत करायचं हे उघड दिसतं. न दिसणारं काम असं की सुटण्याआधी क्षेपणास्त्राला आपण कुठे आहोत, कोणत्या वेगात आहोत, लक्ष्य कुठे आहे हे विमानाने कानात सांगायचं, आणि ते त्याला समजलं याची पोच घ्यायची. २५ जून २०१६ रोजी ओझरच्या धावपट्टीवरून ब्राह्मोस घेऊन सुखोई उडालं. २२ नोव्हेंबर २०१७ रोजी बंगालच्या उपसागरावर ते सोडून पाहिलं. माझ्या बाबांच्या निर्माणीतला तोफगोळा बहिरा असतो. डागणाऱ्याने एकदा नेम धरून सोडला की पुढे गोळा आणि वारा. त्याला ऐकायला शिकवणं हे तारांचं काम.

शेजारच्या ११ बेस रिपेअर डेपोचाही इथे उल्लेख हवा. हवाई दलाची ही दुरुस्तीशाळा भिंतीपलीकडे आहे. मिग-२९ च्या सुधारणेतली पहिली सहा विमानं रशियात होऊन बाकीची तिथे झाली, आणि सुखोईची तिच्याकडची पहिली संपूर्ण दुरुस्ती २०१८ मध्ये पुरी झाली. त्यांच्याकडचे आणि आमच्याकडचे तारवाले बाजारात भेटले की एकमेकांच्या मापात खोट काढतात. त्याला सख्य म्हणतात.

नोव्हेंबर २०२३ मध्ये संरक्षण संपादन परिषदेने ८४ सुखोईंच्या सुधारणेला मंजुरी दिली. रडार ‘विरूपाक्ष’, पडदे, संगणक सगळं इथलं, आणि पंगतीची यादी करणारेही इथलेच. मी त्यात नाही. पण १९६३ ची ती तीन गावांची वाटणी आठवली की या बातमीचं वजन कळतं.

२०२५ च्या दोन तारखा लिहून थांबतो. २६ सप्टेंबरला चंदीगडला मिग-२१ ने निरोप घेतला, बायसननेच. तीन आठवड्यांनी, १७ ऑक्टोबरला, ओझरला जोडलेलं पहिलं तेजस मार्क-१ ए उडालं. तेव्हा मी भद्रावतीला होतो. बाबा आता पंच्याऐंशीचे. टीव्हीवर विमान वर चढलं तसे ते पुढे सरकून बसले आणि म्हणाले, “याले अर्थिंग कोठं देते गा?”

इतकी वर्षं विमानात घालवली, पण असं नेमकं कोणी विचारलं नव्हतं. मी सांगायला लागलो. हवेत अर्थ नसतोच, बाबा. धातूच्या मिगमध्ये सगळा सांगाडाच अर्थ असायचा. डब्याचा निगेटिव्ह अंगावर टेकवला की काम झालं. हे तेजस मात्र वजनाने पंचेचाळीस टक्के कार्बनच्या धाग्याचं आहे आणि कार्बन धातूइतका वीज नेत नाही, म्हणून त्याच्या कातड्याखालून वीज वाहून न्यायची वाट मुद्दाम आखून द्यावी लागते, तीही आराखड्यातच. आणि उडताना हवेशी घासून अंगावर जी वीज साठते ती घालवायला विमानाच्या पंखांच्या मागच्या कडेला उदबत्तीच्या काड्यांसारख्या काड्या लावतात. त्यांच्या टोकांतून ती हळूहळू हवेत गळून जाते.

बाबांनी थोडा वेळ विचार केला.

“म्हंजे पट्टी संगंच घेऊन फिरते तं,” म्हणाले, आणि टीव्हीचा आवाज वाढवायला सांगितला.